सकाळी मारबत, संध्याकाळी तान्हा पोळा

"इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडून सकाळीच घसा बसला होता. काळी-पिवळी मारबतीची, म्हणजे इडा पीडा घेऊन जाणाऱ्या दोन मोठ्या पुतळ्यांची, भेट पाहायला नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळी मारबत 1885 पासून निघते, आणि बडग्यांवरचे (मिरवणुकीतल्या टीकेच्या पुतळ्यांवरचे) टोमणे मात्र दरवर्षी ताजे. यंदाही महागाई आणि रस्त्यांवरचे खड्डे होतेच.

तिथून थेट आमच्या ले-आऊटच्या मैदानावर. तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोरांच्या लाकडी नंदीच्या पोळ्याची, सगळी कामं बाकी! तोरण बांधायला दोन पोरं, माईक लावायला एक, सल्ले द्यायला बारा काका. पाऊस चार वाजता आला, मग लाकडी नंदी घेऊन सगळी चिल्लीपिल्ली गणपतीच्या शेडमध्ये. कोणी शंकर, कोणी शेतकरी, एक पोरगी चक्क कृषी अधिकारी बनून आलेली. हातात फाईल, आणि कर्जमाफीबद्दल विचारलं तर "उद्या या" म्हणते! पहिलं बक्षीस तिलाच द्या असं मी म्हटलं, पण परीक्षक काकूंना चांदीच्या घुंगरांचा मोठा नंदी आवडला. माझ्या मते नंदीच्या उंचीला बक्षीस देणं बंदच करा, ते बाबांच्या खिशाला मिळतं.

बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, म्हणून वही, पेन्सिल नि चॉकलेट दिलं. पोरांना नगदी हवी होती, हे वेगळं सांगायला नको. मग घरोघरी फिरून ती त्यांनी वसूल केलीच.

बांबू अजून मैदानातच पडलेत. गणपती तोंडावर आहेत, उद्या सकाळी सात वाजता हात रिकामे असतील त्यांनी या बाप्पा. तर्री पोहे माझ्याकडून.