आधी चिंधी, मग दारू

शनिवार, रात्री

रायफल गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून झाला. बोटांना गंधकाचा वास आहे, तो काही उद्यापर्यंत जात नाही. आज रेंजवर पुन्हा तोच प्रश्न आला, ‘किती ग्रेन दारू घालता?’ ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या रायफलबद्दल सगळे आधी हेच विचारतात (ग्रेन हे दारू मोजायचं छोटं माप). माझ्या हिशेबी हा प्रश्न बराच नंतरचा.

पहिला प्रश्न पिळाचा. नळीच्या आत वळत जाणारे चर किती इंचांत एक वेढा पुरा करतात, त्यावर तिला कुठला बार, म्हणजे दारू-गोळीचा कुठला मेळ, मानवणार ते ठरतं. माझी ६० इंचांत एक वेढा घेणारी, म्हणजे गोल गोळीची. लांबट गोळीला हवेत सरळ राहायला जास्त गरगर फिरावं लागतं, म्हणून तिच्यासाठी २८ इंचांत एक वेढा असलेल्या नळ्या येतात. तसल्या नळीत गोल गोळी भरपूर दारूवर सोडली, तर ती चरांची पकड सोडून घसरते आणि कागदावर भोकं वाटेल तिथे पडतात. जुन्या ब्रिटिश रायफलींपैकी १८५३ च्या एनफिल्डचा वेढा ७८ इंचांचा होता, व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीचा २० इंचांचा. दोघींना एकच बार कसा चालेल? ४८ इंचांच्या मधल्या मार्गाचं बरेच जण कौतुक करतात. मला तो धड ना इकडचा, धड ना तिकडचा वाटतो, पण रेंजवर मी हे मोठ्याने बोलत नाही.

मग येते चिंधी. गोळीभोवती गुंडाळायचा हा तेलकट सुती तुकडा म्हणजे किरकोळ वस्तू, असं बघणाऱ्याला वाटतं. हिशेब करून बघावा. नळीचा व्यास ०.५०० इंच. मऊ शिशाची गोळी ०.४९० इंच. चिंधी ०.०१५ इंच जाड, पण ती दोन्ही अंगांनी येते, म्हणून बेरीज ०.५२० इंच. हे जे वीस हजारांश इंच जास्तीचं आहे, ते दाबलं जाऊन चरांत शिरतं. तेच गोळीला पीळ देतं आणि तेच मागचा वायू अडवतं.

उडालेल्या चिंध्या नळीच्या पुढे काही पावलांवर पडतात. गोळीबार थांबला, रेंज मोकळी असल्याचा इशारा झाला, की मी टार्गेटकडे न जाता आधी त्या वेचतो. चांगली चिंधी मधे काळी, कडेला झिरमिळलेली, पण कापड अख्खं. आज पातळ कापडाच्या चिंध्या गोळीच्या कडेकडेने जळून भोकं पडलेल्या निघाल्या, आणि टार्गेटवर गोळ्याही तशाच विखुरलेल्या. ०.०१८ इंचाचं कापड घेतलं. दारू तीच, गोळी तीच. ठासायला जोर लागला खरा, पण चिंध्या शाबूत आल्या आणि भोकं एकमेकांजवळ सरकली. (चिंधी चरांच्या रेषेत सरळ कापली गेली असेल, तर दोष कापडाचा नसतो. नव्या नळीच्या कडा धारदार असतात, त्या मोडेपर्यंत धीर धरायचा.)

आता दारू. निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा आधी बघून ठेवायची आणि तिच्या खालीच राहायचं. ५० ग्रेनपासून सुरुवात, दर वेळी ५ ग्रेन जास्त, मापाने, वजनाने नव्हे. माप काठोकाठ भरून, सारखंच टिचकावून, वरचं निरपून घ्यायचं. माझीला ६५ ते ७० च्या मधे कुठेतरी गोडी लागते, त्यापुढे फक्त धक्का आणि धूर वाढतो. दारू काळीच, किंवा निर्मात्याने चालेल म्हणून सांगितलेला तिचा पर्याय. बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत घातली तर नळी फुटू शकते. डब्यातून थेट नळीत ओतायचीही नाही, आत निखारा राहिलेला असू शकतो.

काळी दारू जळाली तरी निम्म्याहून जास्त घन रूपात मागे उरते, आणि हा मळ हवेतला ओलावा ओढतो. पुसल्याशिवाय लागोपाठ बार काढले की प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा अरुंद नळीतून जाते. मग पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, कसला मोजायचा? म्हणून दर बारानंतर एक दमट चिंधी, एक कोरडी. दमट म्हणजे ओली नव्हे, पाणी तळाशी गेलं की पुढचा बार फुसका. गोळी ठासायच्या गजावर खूण केलेली आहे. गोळी दारूवर टेकली की खूण नळीच्या तोंडाशी येते. वर राहिली तर बार काढायचा नाही, कारण दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळीला इजा होते.

पुढच्या वेळी कापड, गोळी, दारू यांना हात लावणार नाही, फक्त चिंधीचं तेल बदलून बघणार. दोन गोष्टी एकदम बदलायचा मोह आजही झाला होता, घाईत असलो की हमखास होतो. ०.०१८ चं कापड संपत आलंय. नवं आणलं की धुऊन खळ काढायची, आणि जाडी मोजल्याशिवाय पेटीत ठेवायचं नाही.