चकलीच्या आधी भाजणी, स्ट्रॅटेजीच्या आधी स्टॅट

बडोद्याहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी हरभऱ्याची डाळ भाजत होते. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि झारा हलवत राहिले.

"आत्या, बीबीएची दोन वर्षं संपली. उरलेली डिग्री अमेरिकेत करायची तर तिकडे साठ क्रेडिट धरतील म्हणतात. डिग्री एकशेवीसची. म्हणजे अर्धं काम झालंच ना?"

मला हसू आलं. तीन वर्षांपूर्वी याच ओट्यापाशी उभी राहून मी नवऱ्याला अगदी हेच सांगितलं होतं. आणि आज माझं सातवं सेमिस्टर चालू आहे, एका विषयासाठी. फक्त एका! कॉलवर तिला जे सांगितलं ते डाळ जळू न देता सांगितलं, त्यामुळे तुटक झालं. शिवाय बडोद्याची अजून दोन-चार मुलं अधूनमधून हेच विचारत असतात. म्हणून इथे नीट लिहिते.

मी दांडिया बाजारातली. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या कॉमर्स फॅकल्टीत एस. वाय. झालं आणि लग्न ठरलं. टी. वाय. "तिकडे जाऊन कर" असं घरात सगळे म्हणाले. तिकडे म्हणजे कॅलिफोर्नियात आले, दोन मुलं झाली, आणि टी. वाय. माळ्यावर गेलं ते गेलंच. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, नोकरी करता येत नव्हती, पण शिकायला कोणी अडवत नाही, अगदी एकेक विषय घेऊनही, हे मला फार उशिरा कळलं. आधी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं कॉलेज) संध्याकाळचे वर्ग केले. मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये कॅल स्टेटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, एका कॅम्पसमध्ये बिझनेस मॅनेजमेंटला बदली घेतली. इथे याला ट्रान्सफर म्हणतात, मला मात्र बाबांची बँकेतली बदलीच आठवते: सामान जातं, पण नव्या घरात सगळं बसतंच असं नाही.

माझं सामान असं होतं. बडोद्याच्या दोन वर्षांचे ४८ युनिट धरले गेले (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, कॅलिफोर्नियात त्याला युनिट म्हणायची पद्धत आहे), कम्युनिटी कॉलेजचे ३६. झाले ८४. उरले ३६. सेमिस्टरला नऊ, म्हणजे चार सेमिस्टर. मी कालनिर्णयच्या पानामागे हा हिशेब मांडला, खाली दोन रेघा ओढल्या आणि फ्रिजवर लावला.

ॲडव्हायझर बाईंनी पहिल्याच भेटीत त्या हिशेबाची हवा काढली. युनिट धरणं वेगळं आणि विषय जुळणं वेगळं. माझ्या ४८ पैकी इथल्या ठरावीक विषयांशी जुळले २१. बाकीचे २७ इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक म्हणून धरलेले. आणि माझ्या डिग्रीत ऐच्छिक विषयांना जागा किती, तर नऊ युनिटांची. उरलेले १८ ट्रान्सक्रिप्टवर दिसतात, शोभेला. करायचे विषय प्रत्यक्षात निघाले १८, म्हणजे ५४ युनिट, म्हणजे सहा सेमिस्टर. डिग्री हातात येईल तेव्हा माझ्या नावावर १२० नाही, १३८ युनिट असतील. जास्तीच्या युनिटांवर कोणी सूट देत नाही.

न जुळलेल्यातला एक होता बिझनेस लॉ. आम्ही शिकलो तो १८७२ चा भारतीय करार कायदा. तो इथल्या कोर्टात चालत नाही, तर इथल्या वर्गात कसा चालेल? ते पटलं. इन्कम टॅक्सचं तेच. अकाउंटिंगचा पहिला विषय जुळला, कारण डेबिट-क्रेडिट सगळीकडे सारखंच. मला वाटलं स्टॅटिस्टिक्सचंही तसंच असणार. सरासरी बडोद्यात काढा नाहीतर इथे, उत्तर एकच येतं. त्यामुळे यादीत त्याच्यापुढे काय लिहिलंय हे मी वाचलंच नाही. तिथे "ऐच्छिक" असं लिहिलेलं होतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, चौथं सेमिस्टर चालू असताना, मी पुढच्या सत्रासाठी ऑपरेशन्स मॅनेजमेंट घ्यायला गेले. रात्रीचे साडेअकरा, मुलं झोपलेली. बटण दाबलं आणि पडद्यावर लाल ओळ आली: प्रीरेक पूर्ण नाही. प्रीरेक म्हणजे प्रीरिक्विझिट, आधी व्हायलाच हवा असा विषय. मी तीनदा दाबलं. ओळ तिन्ही वेळा लालच.

इथल्या मॅनेजमेंटच्या डिग्रीत शेवटचा विषय असतो स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. त्याला कॅपस्टोन म्हणतात. त्यात आख्खी कंपनी चालवल्यासारखं करायचं असतं, त्यामुळे फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स हे सगळं आधी झालेलं लागतं. ऑपरेशन्सच्या आधी स्टॅट, म्हणजे स्टॅटिस्टिक्स, लागतं. फायनान्सच्या आधी अकाउंटिंग. मॅनेजेरियल अकाउंटिंगच्या आधी फायनान्शियल. एकदा ही साखळी दिसली की कळतं की स्टॅट, ऑपरेशन्स, स्ट्रॅटेजी हे तीन विषय एका सेमिस्टरमध्ये कधीच बसणार नाहीत, तुम्ही कितीही हुशार असा आणि कितीही पैसे भरा. तीन सेमिस्टर लागणारच. पाचव्यात ऑपरेशन्स, सहाव्यात स्ट्रॅटेजी असा माझा बेत होता. तो एका लाल ओळीने सातव्यावर गेला.

उन्हाळी सत्रात कम्युनिटी कॉलेजात स्टॅट उरकता आलं असतं. पण आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि माझं जूनचं तिकीट काढून झालं होतं. गेले.

ॲडव्हायझर बाई म्हणाल्या होत्या, जुना अभ्यासक्रम मिळाला तर विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करता येईल. मार्कशीटवर नुसतं विषयाचं नाव असतं, आत काय शिकवलं ते नसतं. वीस वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम कुठून आणायचा? आई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पलंगावर पडली होती. म्हणाली, "अगं, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बघ. तुझं काहीच टाकलं नाहीये." दादाने शिडी धरली, मी वर चढले. ट्रंकेत माझी शाळेची प्रगतिपुस्तकं, एक फुटका कंपास, आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एस. वाय.ची पुस्तिका. वर आईच्या अक्षरात "महत्त्वाचे". मी तिथेच, माळ्यावर वाकून बसून, टॉर्चच्या उजेडात वाचलं: मध्यमान, सहसंबंध, प्रतीपगमन, निर्देशांक, कालश्रेणी.

स्कॅन करून पाठवली. दोन आठवड्यांत उत्तर आलं, सभ्य आणि स्पष्ट: यात हायपोथेसिस टेस्टिंग नाही, नमुन्यावरून अनुमान काढायचा भाग नाही, म्हणून समकक्ष धरता येत नाही. खरंच नव्हता. ऑपरेशन्सच्या वर्गात दुसऱ्याच आठवड्यात क्वालिटी कंट्रोलचे तक्ते आले तेव्हा तो भाग कशाला हवा तेही कळलं. रागवायला कोणी उरलं नाही.

या सगळ्यात मला आजी आठवत राहिली. आजी फराळाचा बेत लक्ष्मीपूजनापासून उलटा करायची. त्या दिवशी ताटात चकली हवी, तर दोन दिवस आधी तळायची. त्याआधी दळण. गिरणीत त्या आठवड्यात रांग, म्हणून अजून दोन दिवस आधी. त्याआधी तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, त्याआधी धुऊन सावलीत वाळवायच्या. पाऊस रेंगाळला तर वाळायला दोनाचे चार दिवस. करंज्या कधी करायच्या यावर तिचा कधी वाद नसायचा, त्या कुठेही बसतात. तांदूळ कधी धुवायचे यावर मात्र ती घर डोक्यावर घ्यायची. स्टॅट म्हणजे तांदूळ धुणं. मी करंज्या करत बसले होते.

भाचीसाठी आणि तिच्यासारख्यांसाठी अजून काही.

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमार्गे येणार असाल तर कॅल स्टेटला चार गोष्टी आधीच झालेल्या लागतात: इंग्रजी लेखन, तर्कशुद्ध विचार, भाषण आणि गणित. यांना इथे गोल्डन फोर म्हणतात. २०२५ च्या ऑगस्ट सत्रापासून सामान्य विषयांचा ३४ युनिटांचा एकच साचा आलाय, कॅल-जेटसी नावाचा, त्यातही हे चार आहेतच. भाषणाला हसू नका. वयाच्या चाळिशीत, अठरा वर्षांच्या पोरांसमोर, मी पाच मिनिटं सेव-उसळ कशी करतात ते सांगितलं. तर्रीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर माझे त्यातले चाळीस सेकंद गेले. शिवाय अमेरिकेचा इतिहास आणि राज्यघटना हेही कॅल स्टेटच्या डिग्रीला सक्तीचं. मला तो विषय मनापासून आवडला. आमच्या घरात आता निवडणुकीच्या रात्री इलेक्टोरल कॉलेज मीच समजावते.

कॉलेज सेमिस्टरचं की क्वार्टरचं (म्हणजे त्याहून छोट्या सत्रांचं), हे पहिल्या दिवशी बघा. कुपर्टिनोचं डी अँझा क्वार्टरवर चालतं. तिथले चार युनिट सेमिस्टरच्या भाषेत २.६७ होतात. तीनच्या जागी २.६७ आले की कुठे चालतं, कुठे नाही, हे बदली घेण्याआधी विचारलेलं बरं. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला विषय कुठल्या कॅम्पसला जुळतो, हे असिस्ट नावाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधीच छापलेलं असतं. ते भारतातल्या विषयांना लागू नाही. ते विषय दरवेळी माणूस बसून तपासतो, आणि माणसाला वाचायला अभ्यासक्रम लागतो. आणि कितीही युनिट घेऊन आलात तरी निदान तीस कॅल स्टेटच्याच कॅम्पसमध्ये करावे लागतात. म्हणून भारतात तिसरं वर्षही उरकून मग इथे बदली घेऊ, असा बेत असेल तर तो दहादा तपासा.

भाचीचं माझ्याहून कठीण आहे, कारण ती विद्यार्थी व्हिसावर येईल. मी नऊ युनिट घेत निवांत चालले. एफ-१ वर सेमिस्टरला बारा घ्यावेच लागतात, आणि त्या बारात ऑनलाइन विषय एकच धरतात. अगदी शेवटच्या सेमिस्टरला थोडेच विषय उरले असतील तर कमी घेता येतात, तेही कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची आधी परवानगी काढून. आय-२० वर, म्हणजे या व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, डिग्री संपायची तारीख असते. साखळी चुकली तर ती वाढवून घ्यावी लागते, तारीख उलटण्याच्या आत, शैक्षणिक कारण देऊन. आणि वर एक सेमिस्टरची परदेशी विद्यार्थ्याची फी. माझ्या चुकीची किंमत चार महिने होती. तिची याहून खूप जास्त होईल, आणि ती दादाच्या खिशातून जाईल.

म्हणून तिला म्हटलं, कागद घे, सगळ्यात खाली स्ट्रॅटेजी लिही आणि वर चढत जा. प्रत्येक विषयाच्या मागे कोण उभं आहे ते लिही. आणि तो विषय दोन्ही सत्रांत असतो की एकाच, तेही. काही विषय फक्त जानेवारीच्या सत्रात येतात आणि पोरं ऑगस्टमध्ये त्यांची वाट बघत बसतात.

एक गंमत सांगते. १९१० मध्ये सयाजीरावांनी बडोद्याची ग्रंथालयं लावायला विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला होता. सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशीवर दबकत चालताना मला कधी वाटलं नव्हतं की माझे कागद लावायलाही एक दिवस अमेरिकन बाई लागेल.

परवा भाचीचा फोटो आला. कालनिर्णयच्या पानामागे शिसपेन्सिलीने काढलेली शिडी. स्टॅट पहिल्या सेमिस्टरला. मॅनेजेरियल अकाउंटिंग आणि फायनान्शियल एकाच सत्रात टाकलंय, ते हलवायला सांगितलंय. आणि फॅकल्टीतून दोन्ही वर्षांचे अभ्यासक्रम शिक्का मारून आत्ताच घे म्हटलंय, वीस वर्षांनी माळा शोधायला नको. दादा, तू वाचत असशील तर एक कर: झेरॉक्सवाल्याला मार्कशीटच्या दोन्ही बाजू काढायला सांग. माझ्या वेळी त्याने फक्त पुढच्या काढल्या होत्या, आणि गुणांचे नियम मागे छापलेले असतात.