दोन कॉम्प्युटर, एक ड्राइव्ह आणि बाबांच्या कॅसेट

बाबांच्या रियाजाच्या कॅसेट एकूण ६१ होत्या. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातलं आमचं घर पाण्यात गेलं, तेव्हा त्यातल्या २३ तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर खण ओढला तर आत नुसता गाळ. फिती एकमेकींना चिकटल्या होत्या. वरच्या मजल्यावर पेटीशेजारी ठेवलेल्या ३८ तेवढ्या राहिल्या.

त्या मी सवडीने कॉम्प्युटरवर उतरवते आहे. ९० मिनिटांची कॅसेट वेव्ह फाइलमध्ये साधारण ९५० एमबी होते. एमपीथ्री केली तर दहावा हिस्साही पुष्कळ, पण बाबांचा खर्ज मला छाटून ठेवायचा नाही. म्हणून २ टीबीचा एक ड्राइव्ह आणला आणि दर कॅसेटनंतर त्यावर प्रत काढत गेले.

जुलैमध्ये लेक घरून काम करायला आली, तिचं मॅकबुक घेऊन. म्हणाली, "आई, एवढी जागा रिकामी आहे, माझाही बॅकअप यावरच घेऊ." मला ते पटलं. माझा ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला. मॅकला तो वाचता येतो, पण त्यावर लिहिता येत नाही. टाइम मशीनने, म्हणजे मॅकच्या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामने, विचारलं की हा ड्राइव्ह वापरायचा तर इरेज करावा लागेल. तिला वाटलं, तिच्यापुरती जागा साफ करतोय. तिने बटण दाबलं. मी तव्यावर भाकरी टाकत होते. आतून आवाज आला, "आई, तुझं यात काही होतं का गं?"

मूळ फाइल्स माझ्या डेस्कटॉपवर होत्या, त्यामुळे काहीही गेलं नाही. पण पुन्हा प्रत होईपर्यंत बाबांचा आवाज जगात एकाच जुन्या हार्डडिस्कवर होता, बाहेर पाऊस होता आणि मी मोबाइलवर आयर्विनचे आकडे बघत होते. लेकीला रागावले नाही. त्या ड्राइव्हवर काय आहे हे मीच तिला कधी सांगितलं नव्हतं.

मग दोघींनी बसून नीट मांडणी केली. ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला असता तर दोन्हीकडून लिहिता आलं असतं, पण त्यात जर्नलची, म्हणजे होणारे बदल आधी टिपून ठेवायची, सोय नाही. लिहिता लिहिता केबल निघाली किंवा लाइट गेली तर फाइल्सची नोंदच बिघडू शकते. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते काय सांगू! म्हणून सरळ दोन पार्टिशन, म्हणजे एकाच ड्राइव्हचे दोन वेगळे भाग. मॅकच्या डिस्क युटिलिटीत आधी जीयूआयडी पार्टिशन मॅप (ड्राइव्हवरच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत) निवडला, एक भाग मॅकच्या एपीएफएस पद्धतीने केला, दुसरा तात्पुरता एक्सफॅट, आणि तो नंतर विंडोजवर जाऊन एनटीएफएस केला. भाग पाडणं गरजेचंच होतं, कारण टाइम मशीन मिळेल तेवढी जागा भरत जातं आणि जागा संपली की सगळ्यांत जुने बॅकअप काढून टाकतं. आता ते स्वतःच्या कुंपणात राहतं. विंडोजने कधी मॅकच्या भागाला फॉरमॅट करायचं विचारलं तर थेट कॅन्सल, हे मी पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ड्राइव्हलाच लावलंय. बुधवार तिचा, रविवार माझा. काम झालं की इजेक्ट करून केबल काढायची. कायम जोडून ठेवायचा नाही. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर जोडलेला ड्राइव्हही त्याच्या तावडीत सापडतो.

तरी एक गोष्ट मला झोपू देईना. ड्राइव्ह एकच, तो हातातून पडला तर दोघींचे बॅकअप एकदम जाणार. आणि घर तेच, नदीकाठचं. शेवटी दुसरा ड्राइव्ह घेतला, त्यावर फक्त कॅसेट. तो विश्रामबागेत बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर असतो. महिन्यातून एकदा ती येताना आणते, आमचं जेवण होईस्तोवर नव्या फाइल्स जातात, आणि ती तो रुमालात गुंडाळून परत नेते.

परवा २७ वी कॅसेट झाली. बाजू ब. सुरुवातीला पेटीचा भाता ऐकू येतो, मग बाबा खाकरतात आणि मागून आई विचारते, चहा टाकू का.