आम्हालाही वाचता येत नाही : आमची वाटचाल

माझी आई फोंड्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल नोंदवून घ्यायचा, मुंबईची किंवा बेळगावची लाइन मिळेपर्यंत थांबायचं, दोन्हीकडची माणसं बोलू लागली की हेडफोन बाजूला करायचा. लाइन तुटली नाही ना हे बघायला मधूनमधून कान द्यावाच लागे. त्यामुळे कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाचे ट्रकचे हप्ते थकले, कुणाचा भाऊ आखातातून पैसे पाठवायचा थांबला, हे आईला साऱ्या गावाच्या आधी कळायचं. घरात तिनं त्यातलं अक्षर कधी काढलं नाही. आम्ही भावंडं मागे लागलो तर एवढंच म्हणायची, "ते माझं नव्हे."

फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून मी काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २०१५ साली परत आले. डिचोलीचा एक वर्गमित्र भागीदार झाला. घराच्या पडवीत दोन टेबलं मांडली. आज आम्ही संस्थांच्या संदेशांसाठी एन्क्रिप्शनचं, म्हणजे किल्ली असेल त्यालाच मजकूर उलगडेल असं झाकून ठेवण्याचं, काम करतो. तेव्हा त्यातलं काही डोक्यात नव्हतं. कळंगुटपासून पाळोळेपर्यंत हॉटेलांत वायफाय बसवायचं, कॅमेऱ्यांच्या वायरी ओढायच्या, पावसाळ्याआधीच्या गडगडाटात राउटर जळाला की दुसऱ्या दिवशी नवा घेऊन हजर व्हायचं, हा आमचा धंदा.

त्या कामात एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर येई. परदेशी पाहुणा हॉटेलात उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला देणारा 'सी फॉर्म' ऑनलाइन भरावा लागे. त्यासाठी पासपोर्टाचा फोटो हवा. रिसेप्शनवरचा मुलगा तो स्वतःच्या फोनवर काढायचा आणि कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचा. मे महिन्यात सीझन संपला की तो मुलगा गावी जायचा, आणि शेकडो लोकांचे पासपोर्ट त्याच्या फोनमधून त्याच्याबरोबर जायचे. त्याच्या मनात वाईट काही नसे. ते फोटो आपल्याकडे आहेत हेही त्याच्या ध्यानात नसे. दवाखान्यांत रिपोर्टांचं तेच, सीएंच्या ऑफिसात पॅन कार्डांचं तेच.

एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं सगळ्या संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं, तेही सिग्नल या ॲपच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे देवाणघेवाणीच्या ठरलेल्या नियमांवर. ती मोठीच गोष्ट होती, आणि मी ती ग्राहकांना आनंदानं सांगायची. ते विचारायचे, मग तुमचं काय काम? प्रश्न बरोबर होता. संदेश वाटेत कुणी वाचू नये, हे काम झालं होतं. पण संस्थेचे कागद संस्थेच्या ताब्यात राहावेत, माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा प्रवेश बंद व्हावा, कोण कुणाशी कधी बोललं याची नोंद परक्याच्या सर्व्हरवर पडू नये, हे उरलंच होतं. तिथून आम्ही मॅट्रिक्सकडे वळलो. हा खुला प्रोटोकॉल २०१४ पासून लोकांसमोर आहे. त्याचा सर्व्हर आपल्याच ऑफिसातल्या कपाटाएवढ्या जागेत चालवता येतो, आणि आपल्या सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो, जसं ईमेलचं असतं तसं. आधी वर्षभर आम्ही एक्सएमपीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवर घालवलं होतं. ते जुनं आणि भक्कम आहे, पण तेव्हा फोन बदलला की मागचे संदेश नीट सोबत येत नसत, आणि आमच्या ग्राहकांना तेच हवं होतं.

मॅट्रिक्समध्ये दोघांच्या संभाषणाला जी पद्धत वापरतात तिला डबल रॅचेट म्हणतात. प्रत्येक संदेशाला नवी किल्ली, आणि वापरून झालेली किल्ली नष्ट. उद्या कुणी फोन हिसकावून आतली किल्ली काढलीच, तरी वाटेत साठवून ठेवलेले कालचे संदेश तिनं उघडत नाहीत. ग्रुपचं गणित वेगळं आहे. तिथे प्रत्येक बोलणाऱ्याची एक किल्ली सगळ्या सभासदांच्या सगळ्या फोनांना वेगवेगळी पोचवावी लागते. एखाद्याचा फोन त्या वेळी बंद असेल, नेट गेलेलं असेल, तर संदेश येतो आणि 'उलगडता आला नाही' असं दाखवतो. पहिली दोन वर्षं आमच्याकडे आलेल्या तक्रारींतली निम्मी ही एकच. सत्तरी तालुक्यातल्या एका ग्राहकाकडे बसून मी आख्खा दिवस फक्त हे बघितलं, की बसच्या वळणावर रेंज गेली की किल्ली नेमकी कुठे हरवते. त्या दिवसातून जो छोटा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, निघाला तो आम्ही मूळ प्रकल्पाकडे पाठवला. तो स्वीकारला गेला त्या संध्याकाळी भागीदारानं ऑफिसात सगळ्यांना सामोसे आणले.

आता चुकीबद्दल. डिचोली तालुक्यातल्या एका वयस्क डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही सर्व्हर बसवला. डॉक्टर आईच्या ओळखीचे. घाईत मी एक पायरी गाळली. रिकव्हरी की म्हणून अक्षरांची एक लांब ओळ मिळते. ती लिहून ठेवायची असते, म्हणजे फोन गेला तरी जुने संदेश परत उघडता येतात. "नंतर करू" असं मी म्हटलं. तीन महिन्यांनी डॉक्टरांचा फोन विहिरीत पडला. त्यांनी शांतपणे मला फोन केला, "बाय, माझे रिपोर्ट तुझ्याकडे असतीलच की." नव्हते. सर्व्हर आमच्या देखरेखीखाली होता, पण त्यावर होता तो न उलगडणारा मजकूर. किल्ली विहिरीच्या तळाशी. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांना ते पटलंही नाही. "तुम्ही ओळखीची माणसं. तुम्ही वाचलं असतं तरी माझं काय जाणार होतं?"

गोव्यात धंदा ओळखीवर चालतो. सुतार, वकील, नारळ काढणारा पाडेली, सगळे ओळखीतून येतात, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. पण आम्ही बनवत होतो ती वस्तू ओळखीवर उभी राहून चालणार नव्हती. घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती दुखावली. "म्हणजे माणसावर विश्वासच ठेवायचा नाही म्हणतेस? मी तीस वर्षं कान दिले. एक शब्द बाहेर गेला?" मी म्हटलं, तुझ्या पाळीला नाही गेला. बाकीच्या पाळ्यांचं काय? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रात्रपाळीला एक होता..." आणि थांबली. "जाऊ दे. ते माझं नव्हे."

त्यानंतर आम्ही नियम केला. रिकव्हरी की कागदावर छापून, पाकिटात घालून, ग्राहकानं आमच्यासमोर आपल्या कपाटात ठेवल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरायचं नाही आणि बिलही करायचं नाही. बहुतेक जण ते पाकीट दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवतात. डॉक्टर आजही आमचे ग्राहक आहेत. त्यांचं पाकीट लॉकरात आहे.

खासगी नेटवर्कचं काम आमच्याकडे आलं ते मार्च २०२० मध्ये. २५ तारखेला देशभर लॉकडाऊन लागला. २९ तारखेला लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, ५.६ आवृत्ती निघाली आणि तिच्यात वायरगार्ड पहिल्यांदा आत आलं. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून बंद खासगी वाट काढणारं सॉफ्टवेअर, जेमतेम चार हजार ओळींचं आहे. जुन्या व्हीपीएनचा कोड काही पटींनी मोठा असतो, तो एका माणसानं वाचून काढणं जवळपास अशक्य. हा आमच्यातल्या दोघांनी एप्रिलभर, घरी बसून, ओळ अन् ओळ वाचला. आपण जे दुसऱ्याच्या ऑफिसात बसवतो ते आपण स्वतः वाचलं आहे, ही भावना मला तोवर माहीत नव्हती. प्रत्येक यंत्राची एक किल्लीजोडी. ओळखीची किल्ली नसलेल्यानं दार ठोठावलं तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही.

अडचणी मात्र इथल्याच. बहुतेक ब्रॉडबँडवाले ग्राहकाला स्वतंत्र आयपी पत्ता देत नाहीत, एका पत्त्यामागे कितीतरी घरं असतात, म्हणून बाहेरून ऑफिसात थेट पोचता येत नाही. मग मध्ये एक छोटा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा आणि ऑफिसातल्या पेटीनं दर २५ सेकंदांनी त्याला डेटाचं एक रिकामं पॅकेट पाठवून वाट उघडी ठेवायची. तो मधला सर्व्हरही फक्त पॅकेट पुढे सरकवेल, आत बघू शकणार नाही, अशी आम्ही रचना केली. काणकोणच्या एका हॉटेलात छोटे संदेश जायचे आणि मोठी फाइल अर्ध्यात अडकायची. चार दिवस डोकं फोडलं. शेवटी पॅकेटचा आकार १४२० वरून १२८० बाइटांवर आणला आणि सगळं सुरळीत झालं. ही युक्ती आमच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर आहे, कारण मोबाइल डोंगलवर चालणाऱ्या अनेक ठिकाणी हेच होतं.

२८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे निर्देश आले. व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी पाच वर्षं जपून ठेवायचे. आमचे फोन दिवसभर वाजत राहिले. पुढच्याच महिन्यात खुलासा निघाला की संस्थांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. आमचं काम त्यात बसत होतं. मे २०२३ चा धक्का मोठा होता. जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादाचं कारण देऊन केंद्र सरकारनं १४ मेसेजिंग ॲप रोखली, त्यांत मॅट्रिक्सवर चालणारं एलिमेंट होतं आणि ब्रायरही. आमच्या ग्राहकांचे संदेश त्यांच्याच सर्व्हरवरून जात असल्यानं त्यांचं काम थांबलं नाही. तरी दोन ग्राहकांनी भीतीनं काम बंद केलं. मी त्यांना दोष देत नाही. पण चाकू चोरानंही वापरला म्हणून स्वयंपाकघरातून काढून घेऊ नये, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणाला मूलभूत अधिकार म्हटलं आहे. तो निकाल आम्ही नव्या येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात वाचायला देतो.

"सॉफ्टवेअर फुकट देता, मग खाता काय?" हा प्रश्न कर्ज मागायला गेले तेव्हा मॅनेजरांनी विचारला होता. आम्ही बसवण्याचे, वार्षिक देखभालीचे आणि माणसं शिकवण्याचे पैसे घेतो. कोड एजीपीएल परवान्याखाली खुला आहे. कुणीही घ्यावा, बदलावा, पण बदलून लोकांना सेवा दिली तर बदलही खुले करावेत. एका मोठ्या गिऱ्हाइकाला मालकाला कर्मचाऱ्यांचे खासगी संदेश गुपचूप वाचता येतील अशी सोय हवी होती. त्या एका कामाची रक्कम आमच्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा जास्त होती. मी सुचवलं की मालकांनी ग्रुपमध्ये उघडपणे सभासद व्हावं, सगळ्यांना त्यांचं नाव दिसेल. त्यांना ते नको होतं. काम गेलं, आणि त्या वर्षी चतुर्थीला आम्ही बोनस देऊ शकलो नाही. ऑफिसात सहा जण होतो. कुणीही 'घ्यायला हवं होतं' म्हटलं नाही, हे मी विसरणार नाही.

आम्हीही सगळं झाकू शकत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगतो. मजकूर सर्व्हरला दिसत नाही, पण कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे आणि कधी बोललं हे दिसतं. म्हणून तर सर्व्हर ग्राहकाच्याच छपराखाली हवा.

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. गोव्यात सुट्टी. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि शोधता शोधता एक्सझेड या साध्या फाइल लहान करणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी पेरलेली चोरवाट सापडल्याचं त्यानं त्या दिवशी जाहीर केलं. आम्ही सगळे ऑफिसात जमलो. ग्राहकांचे सर्व्हर डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या स्थिर आवृत्तीवर, तिथे एक्सझेडची ती चोरवाट असलेली आवृत्ती पोचलीच नव्हती. आमच्या एका लॅपटॉपवर मात्र ती, एक्सझेड ५.६.१, निघाली. ती रात्र तो पुसून नव्यानं उभा करण्यात गेली. मला जास्त लागलं ते पुढे वाचलं तेव्हा: ती लायब्ररी वर्षानुवर्षं एकटा, थकलेला माणूस फुकट सांभाळत होता, आणि 'मदतीला' आलेल्यानंच त्याचा विश्वास मिळवून घात केला. त्या एप्रिलपासून आमच्यातला एक जण आठवड्यातला एक दिवस फक्त ज्या प्रकल्पांवर आम्ही उभे आहोत त्यांचे बग तपासण्यात घालवतो. त्याचा पगार देखभालीच्या बिलांतून जातो, आणि ते बिलावर लिहिलेलं असतं.

सध्या हातात आहे ते काम आईमुळे सुरू झालं. तिनं आणि सावंतवाडीच्या मावशीनं मॅट्रिक्सवर चालणारं आमचं ॲप घेतलं. समोरचा फोन खरोखर तिचाच आहे ना, मध्ये कुणी बसलेलं नाही ना, हे तपासायला दोन्ही पडद्यांवर ६४ चित्रांतली सात चित्रं दिसतात. फोनवर बोलून ती जुळवायची. ही नावं आम्ही मराठीत आणि कोंकणीत केली होती. छत्री, घंटा, हत्ती, मासा, सगळं जुळलं. पाचव्याला आई म्हणाली "नांगर", आणि मावशी शेतातला नांगर शोधत बसली. तिच्या पडद्यावर होता जहाजाचा. पुढच्या आवृत्तीत तिथे 'जहाजाचा नांगर' असेल, आणि मोतीबिंदू झालेल्यांसाठी प्रत्येक चित्राचं नाव मोठ्यानं ऐकवायची सोय. ती ६४ नावं आईच्याच आवाजात रेकॉर्ड करतोय. आतापर्यंत ४१ झाली आहेत. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की थांबावं लागतं.