तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा रत्नागिरीच का?

"पुण्याहून स्वतः अर्ज करून रत्नागिरीला बदली घेतलीत? करमतं का तिथे? संध्याकाळी करता काय?" नातेवाईक विचारतात, पुण्याच्या शाखेतले जुने सहकारी विचारतात, काउंटरवर पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजीसुद्धा विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

करमतं, आणि ते माझ्या शाखेतल्या माणसांमुळे.

मी कऱ्हाडची. बँकेतली पहिली नेमणूक रत्नागिरीला झाली तेव्हा मारुती मंदिराजवळ एका खोलीत राहायचे. खानावळीचा डबा, आणि जोडून सुट्टी आली की आंबा घाटातून घर. त्या वेळी शाखेतले जवळपास सगळेच बाहेरगावचे होते, शुक्रवारपासून एसटीच्या वेळा बघणारे. मांडवीला, थिबा पॉइंटला मी एकटीच जायचे. तरीही हे गाव मनात राहिलं. पुण्यात सिग्नलला थांबलं की भाट्याच्या पुलावरचा वारा आठवायचा.

आताच्या शाखेत निम्मे लोक इथले आहेत. रोखपाल काकू पावसच्या, शिपाईमामांचं घर मिरकरवाड्याजवळ, कर्ज विभागातला मुलगा उक्षी गावाच्या बाजूचा. पीककर्ज बघणारा अधिकारी मात्र वर्ध्याचा. इथे येईपर्यंत त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. दुपारी डबे एकत्र उघडतात. काकूंची कुळथाची पिठी, कुणाची फणसाची भाजी, माझा कऱ्हाडचा खर्डा. फिरण्याचे बेत तिथेच ठरतात.

मामांनी मला मासळी शिकवली. मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्या लागल्या, की टोपल्या उतरतात आणि लिलाव इतक्या झपाट्याने होतो, की नवख्या माणसाला बोली कुठे संपली तेच कळत नाही. मामा शेजारी उभे राहून सांगतात, "मॅडम, डोळा बघा, पांढरा पडला असेल तर घेऊ नका. कल्ला लाल हवा. पोट दाबून बघा." बांगडा आणि सुरमई मी आता स्वतः निवडते. पण मामांकडून मला मिळालं ते याहून मोठं आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण समुद्र खवळलेला असतो आणि मासळीचा विणीचा हंगामही तोच. त्या दोन महिन्यांत नौकामालकांचे हप्ते का रखडतात, खलाशी गावी का जातात, ऑगस्टमध्ये बाजारात एकदम जीव कसा येतो, हे पहिल्या वेळी मी फक्त खात्यांच्या आकड्यांत पाहिलं होतं. आता तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, काउंटरवर आला, की आधी त्याची होडी कुठवर गेली होती ते विचारते, मग स्लिप घेते.

आंब्याचंही तसंच. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कौतुक आहेच, पण थंडी लांबली, मोहोर उशिरा आला, त्यात अवकाळी पाऊस पडला, की बागायतदाराचा चेहरा कसा होतो ते काकूंच्या भावाच्या बागेत उभं राहून पाहिलं. वर्ध्याच्या अधिकाऱ्याला कापसाची चिंता लहानपणापासून ठाऊक. तो आणि काकूंचा भाऊ बोलत बसले की उठवावं लागतं.

सगळ्यात आवडीचा दिवस मात्र उक्षीचा. पाऊस ओसरल्यावरच्या एका चौथ्या शनिवारी आम्ही दुचाक्या काढून निघालो. सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर, सीतेची आसवं फुलली होती, निळसर जांभळा गालिचा. त्यातच जांभ्या कातळात कोरलेला हत्ती, रेषा अजून ठसठशीत. कुणी कोरला, कशासाठी, याचा लेखी पुरावा नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव सडे तुडवून अशी कातळशिल्पं शोधली, आणि 2022 साली कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आलं. मी पहिल्यांदा इथे होते तेव्हाही हा हत्ती तिथेच होता, पण मला नेणारं कुणी नव्हतं. आमचा कर्ज विभागातला मुलगा शेजारी उकिडवा बसून सांगत होता, "आजोबा म्हणायचे, हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं." मग त्याच्या आईने सगळ्यांना घावणे आणि नारळाचा रस वाढला. आम्ही अंगणात बसून मनसोक्त जेवलो.

थिबा राजवाड्याला आता कामाच्या दिवशीही चक्कर होते. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं आणि 1916 साली तो इथेच वारला. मायदेश पुन्हा दिसला नाही. वर्ध्याचा अधिकारी तिथे गेला की बराच वेळ गप्प असतो.

आणि शिमगा! ग्रामदैवत भैरीची पालखी निघते त्या दिवसांत अर्धी शाखा रजेवर असते. आम्ही बाहेरचे लोक काउंटर सांभाळतो आणि संध्याकाळी पालखीच्या गर्दीत आपली माणसं शोधायला जातो. एरवी नोटा मोजताना मान वर न करणाऱ्या काकू ढोलाच्या ठेक्यावर नाचताना दिसल्या, तेव्हा फार आनंद झाला होता.

अडचणी आहेत. मोठ्या आजाराला कोल्हापूर गाठावं लागतं, पावसात वीज तासन्‌तास जाते, कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत. एकट्या माणसाला जुलै जड जातो, हे मी स्वतः काढलेल्या जुलै महिन्यांवरून सांगते. म्हणून इथे बदली मागणाऱ्या कुणालाही मी आधी हेच विचारायला सांगते, की शाखेत इथली माणसं किती आहेत. समुद्र काय, तो सगळ्यांनाच दिसतो. बंदरावर, बागेत, सड्यावर हाताला धरून नेणारं कुणी असलं, तर या.

वर्ध्याच्या अधिकाऱ्याचा बदलीचा काळ आता भरत आलाय. विदर्भात परत जायची संधी होती. त्याने गेल्या सोमवारी मुदतवाढीचा अर्ज दिला, आणि व्यवस्थापकांची शिफारस मिळावी म्हणून आम्ही सगळे त्याच्याबरोबर केबिनमध्ये गेलो.