दहा दिवसांचं दूधबिल आणि मागच्या केंद्राचा दर

दूध संकलनात दर दहा दिवसांनी बिल निघतं. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) यांच्याप्रमाणे दर, त्यातून पशुखाद्य, अ‍ॅडव्हान्स, वाहतूक यांची कपात, आणि उरलेली रक्कम उत्पादकाच्या खात्यावर. अशा एका संस्थेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तक्रार एकच होती: बिल काढायची प्रोसिजर (डेटाबेसमध्ये साठवलेला आज्ञांचा संच) अर्ध्या तासाहून जास्त चालते. पूर्वी ती एका वेळी एकाच केंद्राचं बिल पंधरा सेकंदांत काढायची. नव्या बदलात दीडशे केंद्रं एका फटक्यात घेतली होती.

डेटाबेस होता मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०१६. प्रोसिजर सुरुवातीला बिलाच्या मुदतीतले उत्पादक @उत्पादक या टेबल व्हेरिएबलमध्ये (प्रोसिजरपुरत्या तात्पुरत्या टेबलमध्ये) भरायची आणि ते कपातीच्या टेबलला जोडायची. प्रत्यक्ष एक्झिक्युशन प्लॅन (सर्व्हरने क्वेरी कशी चालवली त्याचा आराखडा) उघडला, तर टेबल व्हेरिएबलवर अंदाजे रेकॉर्ड १ आणि प्रत्यक्षात ९,०००. टेबल व्हेरिएबलला स्टॅटिस्टिक्स (आतल्या डेटाचा सांख्यिकी गोषवारा) नसतात आणि त्याच्यावरच्या क्वेरीचा प्लॅन ते भरण्याआधीच बनतो. म्हणून ऑप्टिमायझर, म्हणजे प्लॅन निवडणारा सर्व्हरचा भाग, एकच रेकॉर्ड धरून चालतो. एका रेकॉर्डसाठी नेस्टेड लूप्स स्वस्त पडतो: तो घ्या, कपातीचं टेबल एकदा चाळा, काम झालं. इथे ते ९,००० वेळा चाळलं जात होतं. टेबलची पानं २४,०००, प्रत्येक ८ केबीचं, आणि उत्पादक कोडवर इंडेक्स (थेट रेकॉर्डपर्यंत नेणारी सूची) नाही. स्टॅटिस्टिक्स आयओ चालू केल्यावर लॉजिकल रीड्स, म्हणजे पानं वाचल्याची संख्या, २१ कोटींच्या वर दिसले.

म्हणजे वेगाच्या बाबतीत बदलामुळे काही नवीन बिघडलं नव्हतं. दीडशे केंद्रांचे पंधरा-पंधरा सेकंद जोडले तर तेवढाच वेळ भरतो. पूर्वी तो दिवसभरात विखुरलेला असायचा.

टेबल व्हेरिएबल मेमरीत राहतं म्हणून वेगवान, हा समज अजून पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. टेबल व्हेरिएबल काय आणि टेम्प टेबल काय, दोन्ही टेम्पडीबी या तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसमध्येच राहतात. फरक स्टॅटिस्टिक्सचा आहे. @उत्पादकच्या जागी #उत्पादक हे टेम्प टेबल केलं, उत्पादक कोडवर प्रायमरी की (प्रत्येक रेकॉर्ड वेगळा ओळखणारी की) दिली. तिला मुद्दाम नाव दिलं नाही, कारण नाव दिलेला कन्स्ट्रेंट (अशी टेबलवरची अट) टेम्पडीबीत एकदाच बनू शकतो आणि दुसऱ्या युजरने तीच प्रोसिजर चालवली की ‘या नावाचं आधीच आहे’ असा २७१४ एरर येतो. टेबल भरल्यावर जोडणीचा प्लॅन खऱ्या संख्येवर बनला, हॅश मॅच (दोन्ही टेबलं एकेकदाच वाचून जोडणं) आला आणि कपातीचं टेबल एकदाच वाचलं गेलं. कपातीवर उत्पादक कोड आणि तारखेचा इंडेक्सही टाकला. तो आधीपासून असता तर एक रेकॉर्डच्या अंदाजानेही ९,००० सीक (इंडेक्समधून थेट शोध), प्रत्येकी तीनेक पानं, म्हणजे सत्तावीस हजारांच्या आसपास रीड्सवर भागलं असतं. दोष फक्त टेबल व्हेरिएबलच्या माथी मारणं बरोबर नाही.

मध्ये ४६८ नंबरचा एरर आला. सर्व्हरचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचे नियम) वेगळं, डेटाबेसचं वेगळं. टेम्प टेबलमधले अक्षरांचे कॉलम टेम्पडीबीचं कोलेशन घेतात, टेबल व्हेरिएबलमधले चालू डेटाबेसचं. कॉलमपुढे कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट लिहिलं की वाद मिटतो.

आता पैशाचा मामला, म्हणून जुनं आणि नवं बिल दोन टेबलांत घेऊन एक्सेप्ट (एका टेबलात असून दुसऱ्यात नसलेले रेकॉर्ड दाखवणारी आज्ञा) दोन्ही बाजूंनी चालवलं. फरक शून्य यायला हवा होता. दोन केंद्रांचे सगळे उत्पादक वर आले, आणि फरक फक्त वाहतूक कपातीत.

वाहतुकीचा भाग लूपमध्ये होता. प्रत्येक केंद्रासाठी: सिलेक्ट @दर = वाहतूक_दर फ्रॉम केंद्र_दर व्हेअर केंद्र = @केंद्र. ही दोन केंद्रं नवी, त्यांचा दर भरलेलाच नव्हता. रेकॉर्ड सापडला नाही की या सिलेक्टमध्ये व्हेरिएबलला नल (किंमतच नाही अशी खूण) मिळत नाही. असाइनमेंट, म्हणजे किंमत भरणं, होतच नाही, जुनी किंमत तशीच राहते. मागच्या केंद्राचा दर पुढच्याला लागला. लूपला ऑर्डर बाय, म्हणजे ठरलेला क्रम, नव्हता. टेम्प टेबल आल्यावर केंद्रांचा क्रम बदलला, ‘मागचं’ केंद्र बदललं, म्हणून आकडे हलले. क्रम तोच राहिला असता तर एक्सेप्ट रिकामं आलं असतं आणि चुकीची बिलं बँकेत गेली असती.

डिक्लेअर @दर, म्हणजे व्हेरिएबलची घोषणा, लूपच्या आतच होतं, आणि बहुतेकांना वाटतं की तिथे ते प्रत्येक फेरीला कोरं होतं. होत नाही. डिक्लेअरमध्येच = नल लिहिलं तर मात्र प्रत्येक फेरीला नल होतं. टेबल व्हेरिएबल लूपमध्ये डिक्लेअर केलं तर त्यातलेही जुने रेकॉर्ड राहतात. सेट @दर = (सिलेक्ट …) असं लिहिलं असतं तर रेकॉर्ड नसताना नल आला असता, आणि दोन सापडले असते तर ५१२ एरर. सिलेक्ट दोन्ही वेळा गप्प राहतं.

एकेक केंद्राचं बिल निघायचं तेव्हा @दर नलपासून सुरू व्हायचं. रक्कम नल व्हायची, बिलाच्या टेबलमध्ये तो कॉलम नॉट नल (नल न चालणारा), त्यामुळे ५१५ एरर यायचा आणि क्लार्क दर भरायचा. दीडशे केंद्रांचा लूप झाला आणि हे कुंपण कुणाच्या लक्षात न येता निघून गेलं.

लूप काढून टाकला. केंद्र_दरला लेफ्ट जॉइन (दर नसला तरी केंद्र ठेवणारी जोडणी) केलं, आणि बिलाआधी दर नसलेल्या केंद्रांचे कोड दाखवून थ्रो या एरर देणाऱ्या आज्ञेने प्रोसिजर थांबवली. दर भरल्यावर बिल मिनिटाच्या आत निघालं. बाकीची १४८ केंद्रं पैशापैशाने जुळली.

एक टेबल व्हेरिएबल जागेवरच ठेवलं, चुकलेल्या नोंदींचं. रोलबॅक झाला, म्हणजे अर्धवट काम मागे फिरवलं, तरी त्यातले रेकॉर्ड टिकतात आणि नंतर लॉगमध्ये टाकता येतात. टेम्प टेबलमध्ये ते ट्रान्झॅक्शनबरोबर गेले असते. शिवाय संस्थेला सांगून ठेवलं की २०१९ ची आवृत्ती घेतली तर कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कोणत्या आवृत्तीसारखा वागेल ती सेटिंग) १५० करा. तसं केल्याशिवाय टेबल व्हेरिएबलचा अंदाज एकवरच अडकून राहतो, आणि त्यांच्याकडे अशा प्रोसिजर अजून बऱ्याच आहेत.