आत्या कुठे हसली

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आत्या आत्ताच झोपायला गेली. भांडी अजून तशीच सिंकमध्ये पडली आहेत, पण हे आज लिहून ठेवलं नाही तर उद्यापर्यंत निम्मं निसटेल.

संध्याकाळी घरी सिनेमा लावला होता. 'मॅश', रॉबर्ट ऑल्टमनचा, 1970 चा. लेकाला कॉलेजात सध्या युद्धपट शिकवतायत, म्हणून तो दोन मित्रांना घेऊन आला. शेजारचे काका-काकू आले, आम्ही दोघं होतो आणि आत्या. ती आठवडाभर राहायला आली आहे. सिनेमाचं तिला वेड नाही. पण लेक म्हणाला, "आत्याआजी, कोरियाच्या लढाईतलं लष्करी इस्पितळ आहे, तंबूतलं. विनोदी आहे." तशी ती चष्मा पुसत येऊन पुढच्या खुर्चीत बसली. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये तिची पंचवीसच्या वर वर्षं गेली. 1971 च्या डिसेंबरात ती तेवीस वर्षांची होती आणि पंजाबातल्या एका लष्करी इस्पितळात ड्यूटीवर होती.

सुरुवातीला हेलिकॉप्टरं येतात. त्यांच्या दोन्ही अंगांना बाहेरून स्ट्रेचर बांधलेली आणि त्यांवर जखमी. मागे एक संथ, गोड चालीचं गाणं. मुलं गाण्याबद्दल बोलत होती. आत्या म्हणाली, "उघड्यावर आणलंय गं. वर थंडी किती असेल."

या सिनेमाला सरळ गोष्ट नाही. सक्तीच्या भरतीत आलेले दोन-तीन सर्जन, हाताला अप्रतिम कसब, पण गणवेशाची, सलामाची, हुद्द्याची काडीची फिकीर नाही. एकापाठोपाठ एक प्रसंग येत राहतात. सगळे एकाच वेळी बोलतात, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर चढतं, मध्येच भोंग्यावरून कसल्यातरी घोषणा. अर्ध्या तासानं काकांनी विचारलं, "गोष्ट सुरू कधी होणार?" थोड्या वेळानं ते दोघं घरी गेले. मला त्यांचं वाईट वाटलं नाही. असा सिनेमा सगळ्यांना धरून ठेवत नाही.

मग शस्त्रक्रियेचा तंबू आला. रक्त खूप आहे आणि ते लपवलेलं नाही. आम्ही सगळे गप्प झालो, लेकाच्या एका मित्रानं मान फिरवली. टाके घालता घालता सर्जन विचारतो, हा अधिकारी आहे की साधा शिपाई? शिपाई म्हटल्यावर म्हणतो, मग मोठे टाके घाला. खोलीत कुणाच्या तोंडून आवाज नाही, आणि आत्या खळखळून हसली. इतकी, की तिला पाणी द्यावं लागलं.

पुढे एक प्रसंग आहे. पाद्री एका मेलेल्या जवानाजवळ प्रार्थना करत असतो. सर्जन त्याला हाक मारतो, इकडे या, हे धरा. तो गेलाय, हा जिवंत आहे. पाद्री बावचळतो, पण येऊन हत्यार धरतो. इथे आत्या हसली नाही. नुसती मान हलवली आणि हळूच म्हणाली, "बरोबर."

आमची मंडळी हसली ती नंतर. मुख्य नर्स, मेजर हूलिहान, कडक शिस्तीची बाई. ती अंघोळीला आत असताना सर्जन मंडळी दोरी ओढून तंबूचा पडदाच वर उडवतात. समोर खुर्च्या टाकून अख्खं इस्पितळ नाटक बघायला बसावं तसं बसलेलं. मुलं हसली, माझे यजमान हसले, आणि मीही हसले. हे इथे लिहिलंच पाहिजे. मग माझी नजर आत्याकडे गेली. ती हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. मेजर रडत-ओरडत कर्नलच्या तंबूत जाते, राजीनाम्याची धमकी देते. कर्नल दुसऱ्या एका नर्सबरोबर अंथरुणात. दे राजीनामा, म्हणतो. आत्या म्हणाली, "उठून बसलासुद्धा नाही."

त्यानंतर खोलीतलं कुणीच आधीसारखं हसलं नाही.

जेवताना लेकानं आपल्या परीनं समजावलं. ती बाई म्हणजे लष्कराचा ताठा, चेष्टा बाईची नसून त्या ताठ्याची आहे. शिवाय काळ बघ. 1970 ला अमेरिकेतली पोरं व्हिएतनामला जात होती. ऑल्टमनला कोरियाचं नावही नको होतं, त्यानं उल्लेख काढून टाकले होते. स्टुडिओनं सुरुवातीला मजकूर घालून हे कोरिया आहे असं सांगायला लावलं. तो वाचूनही प्रेक्षकांना दिसलं ते व्हिएतनामच. थिएटरांत तरुणांची झुंबड उडाली, आणि अमेरिकी लष्कराच्या नि हवाई दलाच्या तळांवर मात्र सुरुवातीला सिनेमा दाखवायला बंदी होती. गंमत म्हणजे त्याच साली त्याच फॉक्स कंपनीनं 'पॅटन' हा सेनापतीवरचा सिनेमाही काढला. उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर 'पॅटन'ला गेलं. 'मॅश'ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि पटकथेचं ऑस्कर. ते पटकथाकार रिंग लार्डनर ज्युनियर यांना, ज्यांनी कम्युनिस्टांच्या शोधाच्या काळात तुरुंग भोगला होता आणि ज्यांना हॉलिवूडनं कित्येक वर्षं नावानिशी काम दिलं नव्हतं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. अशा माणसानं लिहिलेला शिस्तीचा राग खोटा कसा असेल?

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राग कर्नलवर काढायचा ना. तिनं काय केलं होतं? नियमानं वागत होती. आणि बघायला बसलेत त्यात तिच्याच नर्सेस." ताटात भाताचा घास तसाच होता. "माझ्यावर असली वेळ नाही आली. पण रात्रपाळीला आम्ही न्हाणीघरात कधी एकटी गेलो नाही. एक आत, एक दाराशी."

कुणी काही बोललं नाही. लेकाचा मित्र म्हणाला, "सॉरी, आजी." ती म्हणाली, "अरे तू कशाला?" आणि त्याला आणखी आमटी वाढली.

टाक्यांच्या वेळी का हसलीस, हे मीच विचारलं. "अगं, असंच बोलतात. रात्रीचे दोन, पाय सुजलेले, बाहेर अजून स्ट्रेचर लागलेली. तेव्हा कुणीतरी काहीतरी बरळतं आणि सगळे हसतात. नाही हसलं तर हात चालत नाही."

मला हा सिनेमा आवडला, मनापासून आवडला. शस्त्रक्रियेचा तंबू इतक्या खरेपणानं मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पण त्या अंघोळीच्या प्रसंगात कॅमेराही त्याच खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसला आहे, आणि तो काळ तसा होता एवढं म्हणून मला पुढे जाता येत नाही.

मंगळवार

आज लेकानं आणखी एक सांगितलं, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. सिनेमावरून पुढे मालिका निघाली, 1972 ते 1983. शेवटचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. त्या काळच्या रीतीप्रमाणे मालिकेत मागे हसण्याचा आवाज भरायचा होता. करणाऱ्यांना तो नको होता, वाहिनी ऐकेना. शेवटी तडजोड अशी झाली, की शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हसणं घालायचं नाही.

म्हणजे आत्या जिथे हसली, नेमकी तिथेच टेप बंद! आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "शहाणे होते ते. आम्ही हसायचो ते बरोबर. घरी सोफ्यावर बसून माणसं हसली असती तर मला राग आला असता."

नाश्त्याला तिनं लेकाला विचारलं, "कोरियात आपलेही होते, ठाऊक आहे का?" त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. साठावी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे आपल्या लष्कराची वैद्यकीय तुकडी, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालची. नोव्हेंबर 1950 मध्ये कोरियात उतरली. चिनी फौज खाली सरकत आली तेव्हा माघारीत औषधं, उपकरणं मागे टाकायची नाहीत म्हणून या लोकांनी प्याँगयांगला एक आगगाडी मिळवली, सगळं सामान डब्यांत भरलं आणि गाडी घेऊन निघाले. मार्च 1951 मध्ये मुनसानला त्यांच्यातले काही जण अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. हे सगळं आत्यानं प्रशिक्षणाच्या काळात वरिष्ठांकडून ऐकलेलं. "त्यांच्यावर कुणी सिनेमा केलाय का?" लेक बराच वेळ फोनवर शोधत बसला.

दुपारी आत्यानं तो पाद्र्याचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, तेवढाच. तिसऱ्यांदा थांबवून ती म्हणाली, "बघ, कसं धरलंय त्यानं." मग स्वयंपाकघरातून झारा आणून लेकाच्या हातात दिला, त्याचा अंगठा आणि तर्जनी नीट बसवली, मनगट थोडं खाली दाबलं. "असं. आता हलायचं नाही. मी सांगेपर्यंत."

तो उभा राहिला. ती घड्याळाकडे बघत होती.